याला सलामी म्हणतात?

बसा. वह्या बंद करा. पहिला तास गणिताचा आहे हे मला ठाऊक आहे, तो मी मागून घेतला आहे. आठवी, नववी, दहावी इथेच पटांगणात बसतील. फाटकाशी काही पालक थांबलेले दिसतात. भाऊ, तुम्हीही आत या, कडुनिंबाच्या सावलीत उभे राहा. मला जे बोलायचं आहे ते एकट्या पोरांच्या वाट्याचं नाही.

टेबलावर ही पिशवी ठेवली आहे. काल पंधरा ऑगस्टच्या दुपारी बसस्टँडपासून शाळेच्या फाटकापर्यंत रस्त्याच्या कडेला, नालीच्या काठावर, चहाच्या टपरीच्या बाकाखाली जे सापडलं ते यात आहे. काड्या मोडलेले, चिखलात भरलेले कागदी झेंडे. एकावर मोटारसायकलच्या चाकाची खूण आहे. त्यातले कितीतरी सकाळी याच शाळेच्या पोरांच्या हातात होते. प्रभातफेरीत घोषणा देताना हे हात उंच होते. मग बुंदीचा पुडा हातात आला आणि झेंडा खाली गेला. काहून? दोन वस्तू धरायला दोन हात नव्हते?

राष्ट्रीय सणाला कागदी झेंडा हातात घेऊन हलवायला भारतीय ध्वजसंहितेनं परवानगी दिली आहे. त्याच वाक्याच्या पाठोपाठ लिहिलं आहे की कार्यक्रम झाल्यावर तो जमिनीवर टाकू नये, आदरानं आणि एकांतात त्याची विल्हेवाट लावावी. तुम्ही पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं सोडलं. प्लास्टिकचे झेंडे तर वापरूच नका म्हणून केंद्राचं गृह मंत्रालय राज्यांना वारंवार लिहून कळवतं, तरी आपल्या चौकात ते शेकड्यानं विकले जातात आणि तुम्ही ते घेता. कागद निदान कुजतो. प्लास्टिकचा तिरंगा पुढच्या पावसाळ्यातही त्याच नालीत दिसतो.

आता सलामी.

झेंड्याकडे पाठ करून तुमच्या रांगा पाहणं मला शक्य नव्हतं. पण तुम्हीच काढलेलं चित्रीकरण काल संध्याकाळी शाळेच्या ग्रुपवर आलं, ते मी नीट पाहिलं. ‘सावधान’ म्हटल्यावर टाचांचा एक आवाज यायला हवा होता, तो तुकड्यातुकड्यांनी आला. सलामीच्या हुकमावर कोणाचा हात कपाळाला, कोणाचा कानाला. मागच्या रांगेतल्या दोघांनी डाव्या हातानं सलामी दिली, कारण उजव्या हातात मोबाईल होता. एक जण झेंड्याला पाठ करून उभा, चेहरा पुढे, झेंडा मागे, दोन्ही एका चित्रात यावेत म्हणून. त्या मुलाचं नाव मी घेणार नाही, त्याला ते माहीत आहे. ध्वज चढताना किंवा उतरताना हजर असलेल्या प्रत्येकानं ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहायचं, हा पहिला आणि सगळ्यात सोपा नियम आहे. त्याला ना पैसा लागतो, ना ताकद. तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही.

शाळांसाठी ध्वजसंहितेत कवायतीचा सगळा क्रम लिहून दिला आहे. मैदानाच्या तीन बाजूंना विद्यार्थी, चौथ्या बाजूच्या मध्यावर ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी कप्तान आणि ध्वज फडकवणारी व्यक्ती स्तंभाच्या तीन पावलं मागे. वर्गावर्गाच्या रांगा, दोन रांगांत एका पावलाचं अंतर, सगळ्यात वरचा वर्ग उजव्या टोकाला. प्रत्येक वर्गाचा नायक पुढे येऊन शाळेच्या कप्तानाला सलामी देतो आणि आपला वर्ग तयार असल्याचं कळवतो, कप्तान तेच मुख्याध्यापकांना कळवतो. त्यानंतरच दोरीला हात लागतो. ध्वज फडकला की कप्तान सलामीचा हुकूम देतो. थोडा वेळ सलामी, मग हुकमावर हात खाली. आणि राष्ट्रगीत सावधान स्थितीत, हात शरीरालगत. काल तुम्ही राष्ट्रगीतभर हात कपाळाला लावून ठेवले. अर्ध्यात ते दुखू लागले, मग कोणी कोपर खाली सोडलं, कोणी त्याच हातानं डोकं खाजवलं. राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. बावन्न सेकंद हालचाल न करता उभं राहता येत नाही, आणि यातल्या निम्म्या पोट्ट्यांना पोलीस भरतीत जायचं आहे.

सलामी कशी असते ते शेवटचं सांगतो. उजवा हात बाजूनं एका झटक्यात वर येतो. दंड खांद्याच्या रेषेत. पाची बोटं जुळलेली, तळवा समोर, तर्जनीचं टोक उजव्या भुवईच्या वर. मनगट सरळ. मान हलत नाही, नजर झेंड्यावर. उतरताना हात समोरून जवळच्या वाटेनं खाली येतो, मांडीवर आपटत नाही. स्काउट-गाईडच्या गणवेशात असाल तर तीन बोटांची सलामी, ती तुम्हाला तुमच्या पथकात शिकवली आहे. छातीवर तळवा ठेवून उभं राहणं ही अमेरिकेतली रीत आहे. ती तुम्ही सिनेमात पाहिली. आपल्याकडे ती नाही.

ज्यांच्या अंगावर गणवेश नाही त्यांच्यासाठी आणखी सोपं आहे. पालकांनो, ध्वज चढताना तुम्ही सलामी देण्याची गरज नाही. गणवेशातल्यांनी सलामी द्यायची, बाकीच्यांनी सावधान उभं राहायचं, एवढंच संहितेत आहे. पण सावधान म्हणजे सावधान. काल दोघे-तिघे पालक मोटारसायकलवर एक पाय टेकवून बसल्या बसल्या राष्ट्रगीत ऐकत होते. एक काकू फोनवर बोलत होत्या, आवाज बारीक केला होता म्हणून तो आदर ठरत नाही. लेकरं तुमच्याकडे पाहतात. मी पटांगणात ओरडून जे शिकवतो ते फाटकाबाहेर तुम्ही एका मिनिटात पुसता.

आणि हे तुम्हाला जमत नाही असं मला कोणी सांगू नका. तुमच्यातल्या अर्ध्या घरांतली माणसं दर वर्षी गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला जातात, तुम्हीही गेला आहात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. हजारो माणसं एका क्षणी गप्प होतात. कडेवरचं लेकरूही आईकडे पाहून गप्प बसतं. तिथे कोणी शिट्टी वाजवत नाही, काठी घेऊन फिरत नाही. म्हणजे आपल्या माणसांना स्थिर उभं राहता येतं, गप्प राहता येतं, मोबाईल खिशात ठेवता येतो. जे तिथे सहज करता ते इथे झेंड्यासमोर करायचं नाही असं तुम्ही ठरवलेलं आहे. माझा राग त्या ठरवण्यावर आहे.

दोरीची गोष्ट. ज्यानं काल ध्वज बांधला त्यानं मला सकाळी सांगितलं, “सर, मी त बराबर बांधला होता, वाऱ्यानं झालं.” वाऱ्यानं गाठ घट्ट होत नाही, आणि वाऱ्यानं केशरी पट्टा खाली येत नाही. पाहुण्यांनी दोरी ओढली, ध्वज उलगडेना. त्यांनी हिसका दिला, दुसरा हिसका दिला, आणि उलगडला तेव्हा हिरवा वर होता. सगळं पटांगण हसलं. जाणूनबुजून केशरी पट्टा खाली करून ध्वज लावणं हा कायद्यानं अपमान आहे. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, म्हणून कायदा तुला विचारणार नाही. मी विचारतो. आदल्या संध्याकाळी तालीम ठेवली होती, तिला तू का आला नाहीस? केशरी पट्ट्याच्या बाजूची दोरी वर जाते, हे बांधण्याआधी आणि बांधल्यावर दोन्ही वेळा पाहायचं. घडीत फुलांच्या पाकळ्या ठेवायला राष्ट्रीय सणाच्या दिवशी परवानगी आहे, पण मूठभर. तू ओंजळी भरून ओल्या पाकळ्या कोंबल्यास, घडी फुगली, गाठ आवळली गेली. आणि जे हसले त्यांनी ऐकावं: उलटा ध्वज दिसला की हसायचं नसतं. ज्याच्या लक्षात आलं त्यानं पुढे होऊन सांगायचं असतं. तुमच्यातला एकही पुढे आला नाही. शिपाई काका धावले.

स्तंभाच्या टोकावर हार बांधणाऱ्यांसाठी एक वाक्य. ध्वजाच्या वर किंवा स्तंभाच्या माथ्यावर फूल, हार, चिन्ह, काहीही लावायचं नसतं. तुमची भावना चांगली असते, हे मला मान्य आहे. रांगोळी काढा, पायथ्याची जागा सारवा, झाडून घ्या. माथा मोकळा ठेवा.

आज सोळा ऑगस्ट आहे. या तारखेला आपल्या भागात काय झालं, ते दहावीतल्या कोणाला सांगता येईल? हात वर करा. कोणीच नाही.

वर्धा नदी ओलांडली की आष्टी लागतं. त्याला आष्टी शहीद म्हणतात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. महात्मा गांधींना पकडून आठवडा झाला होता. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला माणसं निघाली, खेड्यापाड्यांतली, शेतातली, तुमच्या पणजोबांसारखी. ठाण्यापाशी गोळीबार झाला, माणसं पडली. पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरलाही रक्त सांडलं. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि त्या टळाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जीव तोडून प्रयत्न केले. एस.टी.नं बेनोड्याहून येणारी पोरं इथे बसली आहेत. तुमच्या गावाच्या पाटीवर ‘बेनोडा (शहीद)’ असं लिहिलेलं तुम्ही रोज वाचता. तो शब्द तिथे कुठून आला, हे घरी कधी विचारलं? त्याच ऑगस्टमध्ये तुमच्याच गावच्या माणसांनी गोळ्या झेलल्या. राष्ट्रसंतांचं जन्मगाव यावली, त्याच्याही नावाला शहीद जोडलेलं आहे, कारण तेच. राष्ट्रसंतांनाही त्या चळवळीत अटक झाली, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं.

त्याच्याही एकोणीस वर्षं आधी, १९२३ साली, नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यानं तेव्हाचा चरख्याचा झेंडा घेऊन मिरवणूक न्यायला इंग्रजांनी बंदी केली. १ मे पासून सत्याग्रहींच्या तुकड्या रोज झेंडा घेऊन निघायच्या आणि रोज पकडल्या जायच्या. वर्ध्याचे जमनालाल बजाज पुढे होते. त्यांना शिक्षा झाल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली. दीड हजारांहून जास्त माणसं तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्यानं झेंडा घेऊन गेली तेव्हा सत्याग्रह संपला. त्या माणसांनी मागितलं काय होतं? झेंडा हातात धरून एका रस्त्यानं चालायचं. काल तुम्ही तेच केलं, पोलिसांच्या बंदोबस्तात, दोन्ही बाजूंची वाहनं थांबवून, आणि रस्ता संपल्यावर झेंडा नालीत टाकलात.

नववीतल्या पोरांनो, नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता तुमच्याएवढा होता. पंधरा वर्षांचा. ९ सप्टेंबर १९४२ ला मुलांच्या मिरवणुकीत त्याच्या हातात झेंडा होता. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. त्याच्यासह पाच जण गेले. त्यानं झेंडा सोडला नाही. तुम्हाला बुंदीसाठी सोडावा लागला. हे ऐकून मान खाली घालू नका, वर पाहा माझ्याकडे. मान खाली घालणं सोपं असतं.

आज आपण जो ध्वज लावतो तो घटना समितीनं २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं निळं चक्र आलं. लांबी आणि उंची यांचं प्रमाण तीनास दोन. हे पाठ्यपुस्तकात आहे, परीक्षेत तुम्ही लिहिता, गुण मिळवता. पण काल शाळेच्या दारावर जो झेंडा कोणी लावला त्यात चक्राच्या आऱ्या मोजा, सोळा भरतात. दुकानातून घेताना कोणी मोजल्या नाहीत. मोजायला अर्धं मिनिट लागतं.

आता पालकांकडे वळतो. भाऊ, बसून घ्या, हे लांबणार आहे.

२०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला ‘हर घर तिरंगा’ आला आणि १३ ते १५ ऑगस्ट घरोघरी झेंडे लागले. चांगलं झालं. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून यंत्रावर विणलेल्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली होती, पूर्वी हातमागाची खादीच लागायची. जुलै २०२२ मध्ये दुसरा बदल झाला. सामान्य माणसाच्या घरावर झेंडा रात्रंदिवस ठेवता येऊ लागला. त्याआधी सूर्योदय ते सूर्यास्त हीच रीत होती. घरावर ध्वज लावण्याचा हक्क नागरिकाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये नवीन जिंदल यांच्या खटल्यात सांगितलंच होतं, आणि त्याच निकालात त्या हक्काला आदराच्या अटी आहेत असंही सांगितलं. तुम्ही हक्क घेतला. रात्रंदिवसाची मोकळीक घेतली आणि तिचा अर्थ वर्षानुवर्षं असा लावला.

मोर्शी रस्त्यानं चालत जा आणि वर बघत जा. स्लॅबच्या सळ्यांना, पाण्याच्या टाक्यांना, टिनाच्या शेडला बांधलेले झेंडे दिसतील. गेल्या वर्षीचे, त्याच्या आदल्या वर्षीचेही. केशरी पांढरा झाला, पांढरा काळवंडला, चक्र दिसत नाही, अर्धा हिरवा फाटून सळईला गुंडाळला गेला. फाटलेला, मळलेला ध्वज लावायचा नाही, हे संहितेच्या पहिल्या काही नियमांत आहे. ऑगस्टात आंबिया बहाराची फळगळ सुरू झाली की तुम्ही दिवसातून दोनदा बागेत जाता, एकेका झाडाखाली वाकून पाहता, कोणतं औषध मारायचं ते चौघांना विचारता. घराच्या छतावर वर मान करून पाहायला मात्र तुम्हाला सवड नाही. मी एका घरी विचारलं तर लेकरू म्हणालं, “बाबानं म्हटलं राहू दे, पुढच्या साली कामी येईल.” तो ध्वज आहे. पुढच्या साली लावायचा असेल तर या साली उतरवून, वाळवून, घडी करून ठेवावा लागतो.

घडी कशी करतात तेही आजच शिकून घ्या. ध्वज आडवा धरा, दोघांनी. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, म्हणजे वर फक्त पांढरा पट्टा आणि चक्र राहील. मग दोन्ही बाजूंनी आत दुमडत या, शेवटी वर चक्र दिसलं पाहिजे आणि कडेला केशरी-हिरव्याचा थोडा भाग. ती घडी दोन्ही तळहातांवर घेऊन न्यायची, काखेत मारून नाही. कपाटात स्वच्छ जागी ठेवायची. चढवताना ध्वज झपाट्यानं चढवतात, उतरवताना सावकाश, मानानं. काल संध्याकाळी आपला ध्वज उतरला तेव्हा इथे कोण होतं? शिपाई काका एकटे होते. सकाळी चारशे जण, संध्याकाळी एक. ज्या शाळेत ध्वज उतरवायला कोणी थांबत नाही, तिथे सकाळची गर्दी ही बुंदीची गर्दी असते. पुढच्या वेळी दहावीची एक तुकडी सूर्यास्ताला हजर राहील. हजेरी मी घेईन.

फाटलेल्या ध्वजाचं काय करायचं, हा प्रश्न कालच एका आजोबांनी विचारला. त्यांना वाटत होतं की निर्माल्यासोबत चुडामणी नदीत सोडावा. दादाजी, नाही. ध्वज पाण्यात ओढत जाऊ देणं हे अपमानातच धरलं आहे, आणि चुडामणी वाहते कुठे? पुलाखाली कचऱ्यातच अडकेल तो. जुना ध्वज एकांतात, पूर्णपणे नष्ट करायचा असतो, शक्यतो जाळून, अर्धवट काही उरू न देता. चौकात, लोकांसमोर, व्हिडीओ काढत नाही. सार्वजनिक जागी ध्वज जाळणं, फाडणं, तुडवणं यासाठी १९७१ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. दोन्हींत आग तीच असते, म्हणून फरक नीट समजून घ्या.

मोटारसायकलच्या रॅलीबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण जे त्यात होते ते इथे बसलेले नाहीत, इथून पास होऊन गेलेले आहेत. पण तुम्ही पुढच्या वर्षी त्यातच जाल, म्हणून ऐका. हातात छोटा झेंडा धरायला कोणी मना करत नाही. मात्र गाडीच्या बॉनेटवर, टपावर, मागच्या काचेवर झेंडा पसरणं कायद्यानं अपमान आहे. पोळ्याच्या बैलाला झूल घालावी तसा काल एका चारचाकीवर तिरंगा घातलेला होता, खाली बोल्टला अडकवून, आणि चिखल उडत होता. गाडीवर दांडी लावून ध्वज फडकवण्याचा अधिकार राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा मोजक्या पदांना आहे. एका काठीला तिरंग्यासोबत दुसरा झेंडा बांधू नका, मग तो पक्षाचा असो, मंडळाचा असो की देवाचा. दुसरा झेंडा तिरंग्याच्या वर किंवा अगदी त्याच्या बरोबरीनं लावायचा नाही. ध्वजावर नाव, घोषणा, पुढाऱ्याचा फोटो छापायचा नाही. तिरंगाही कमरेखालच्या कपड्यावर, रुमालावर, उशीच्या अभ्र्यावर नाही. कोणी म्हणेल, तिरंगी केक कापणं गुन्हा नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आहे. बरोबर आहे. न्यायालयानं तुरुंग टाळला, सुरी हातात दिलेली नाही. या शाळेत तो केक येणार नाही.

आणि एक. सैनिकाचं पार्थिव गावात येतं तेव्हा शवपेटीवरच्या ध्वजाचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि तो ध्वज चितेत जात नाही. तो काढून, घडी करून घेतात. ज्या रस्त्यानं ती गाडी जाईल तिथे तुम्ही थांबायचं, सावधान उभं राहायचं. गाडीच्या मागे धावत मोबाईल उंच धरायचा नाही. ज्या आईचा मुलगा त्यात आहे ती तुम्हाला पाहत असते.

आता काम सांगतो. ही शिक्षा आहे असं समजायचं असेल तर समजा.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता तिन्ही वर्ग गणवेशात इथे असतील. मोबाईल घरी. प्रत्येक वर्गाचे नायक आपापल्या मोहल्ल्यात, गावात, आजच संध्याकाळी घरोघर जातील. हात जोडून सांगायचं, काकाजी, छतावरचा झेंडा जुना झाला, आम्ही उतरवून देऊ का? कोणी रागावलं तर वाद घालायचा नाही, माझं नाव सांगायचं. कोणी द्यायला तयार असेल तर शिडी मोठ्या माणसानं धरायची, चढायचं मोठ्या माणसानंच, घडी तुम्ही करायची आणि तळहातावर आणायचं. बेनोडा, जरूड, शेंदुर्जना घाट, राजुरा बाजार, जिथून जिथून पोरं येतात तिथून. जे चांगले असतील ते धुऊन, इस्त्री करून त्याच घरी परत जातील. जे फाटके असतील ते शाळेत राहतील, त्यांचं पुढे काय करायचं ते मी आणि मुख्याध्यापक पाहू. तिथे तुमच्यापैकी कोणी असणार नाही.

ही पिशवीही त्यांच्यासोबत जाईल. पण त्याआधी ज्यांनी काल झेंडा टाकला ते एकेक करून पुढे येतील, यातला एकेक काढतील, चिखल पुसतील, काडी वेगळी करतील आणि घडी करून टेबलावर ठेवतील. कोणी टाकला हे मी विचारणार नाही. तुम्ही स्वतःहून उठायचं आहे. मला घाई नाही, गणिताचा दुसराही तास मी मागून घेतला आहे.

कप्तान, तू इकडे ये. स्तंभाची दोरी मोकळी कर, माझ्यासमोर गाठ बांध आणि सोडवून दाखव. बाकीचे, वर्गावर्गानं रांगा करा, दहावी उजवीकडे. एक पाऊल अंतर. सावधानपासून सुरुवात.